पेवातली हाक

पंखा थांबतो तेव्हा उल्का अर्धवट झोपेत आहे. पाती आधी जड होतात, मग एकेक वेगळी दिसायला लागतात आणि मग नुसतीच लटकून राहतात. वीज गेली, असं तिच्या मनात येतं, पण दुसऱ्याच कुणाच्या मनात आल्यासारखं. एप्रिलची दुपार आहे. खालच्या चष्म्याच्या दुकानाचं शटर कुणीतरी अर्ध्यावर ओढून घेतं. मानेखाली घामाची ओल जमते आहे, ती पुसायला हवी, असं वाटतं आणि हात काही उचलत नाही.

तालुक्याच्या गावातली ही दोन खोल्यांची जागा म्हणजे त्यांच्या छोट्या संस्थेची कचेरी. जमिनीवर सतरंजी टाकून ती पडली आहे, दाराकडे तोंड करून. दाराकडे पाठ करून झोपायची हिंमत तिला अलीकडे होत नाही.

उल्का निटुरे गेली काही वर्षं गावोगाव हिंडून म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी टेपवर घेते आहे. निजामाचं राज्य गेलं त्या सालच्या, म्हणजे पन्नास वर्षांपूर्वीच्या. आधी रझाकारांनी काय केलं ते, आणि मग फौजा आल्यावर, राज्य कुणाचं हे नीट ठरायच्या आत, लोकांनी लोकांचं काय केलं तेही. तिच्या आजोबांचं दुकान रझाकारांनी जाळलं होतं, आजोबांच्या थोरल्या भावाला वेशीत मारलं होतं. ती हकीकत तिनं सगळ्यांच्या आधी, स्वतःच्या आजीच्या तोंडून घेतली. पण दुसऱ्या बाजूची माणसं बोलायला लागली आणि ती त्यांचंही घ्यायला लागली, तेव्हा लातूरला वडिलांनी तिच्याशी बोलणं कमी केलं. फोनवर एकदा एवढंच म्हणाले, "आपलं जळत होतं तेव्हा कोण आलं होतं गं टेप घेऊन?"

कुणीच आलं नव्हतं. म्हणून तर ती जात होती.

आता बोरसुंडीचं प्रकरण उभं राहिलं आहे. तिथल्या कापसाच्या जुन्या जिनिंगच्या आवारात बाजाराच्या इमारतीचा पाया खणताना जेसीबीच्या दातांना चुन्याचा मोठा पांढरा थर लागला, आणि चुन्यात हाडं. गावात कुणी म्हणालं, जनावरांची आहेत. कुणी म्हणालं, प्लेगातली. तहसीलदारांनी काम थांबवून उद्याची सुनावणी लावली. हाडं कुणाची हे पटवून देता आलं, तर ती जपून बाहेर काढली जातील, डॉक्टर तपासतील, आणि ज्यांची त्यांच्या घरच्यांना माती द्यायला मिळतील. नाही पटवता आलं, तर परवा तिथं काँक्रीट पडेल.

सांगू शकणारं एकच माणूस गावात उरलं होतं, रहिमतबी. तिनं उल्काला सगळं सांगितलं होतं, जिनिंगमध्ये नेलेल्या माणसांची नावं, नेणाऱ्यांचे आवाज. फक्त स्वतःचं नाव घालू नको म्हणाली होती. "मग काय नाव घालू, खाला?" उल्कानं विचारलं तेव्हा म्हातारीनं तोंडावर पदर धरला आणि मग म्हणाली, "जैतून घाल." टेपवर ती जैतून आहे. आणि जैतून नावाची बाई त्या साली बोरसुंडीत नव्हतीच, असं गाव शपथेवर सांगेल.

रहिमतबी गेल्या महिन्यात वारली. आता तिचं खरं नाव घालायचं तर तिच्या मुलाची संमती हवी. दस्तगीर त्याच गावात पंक्चर काढायचं दुकान चालवतो. "संध्याकाळपर्यंत येऊन सांगतो, ताई," असं तो म्हणाला आहे, जमिनीकडे बघत.

तो येईल का, हे उल्काला माहीत नाही. कारण ज्या आवाजांची नावं टेपवर आहेत, त्यांतला एक माणूस अजून जिवंत आहे. आबा. अंथरुणाला खिळलेला. बाजाराच्या इमारतीचा ठेका त्याच्या नातवाकडे आहे. हा नातू परवा इथं येऊन गेला. त्यानं आवाज चढवला नाही. खालून मागवलेला चहा घेतला, कप स्वतः विसळून ठेवला. "म्हाताऱ्या माणसाचे चार दिवस सुखानं जाऊ द्या, मॅडम," म्हणाला. आणि जिन्यात वळून, जसं काही आत्ताच आठवलं, "लातूरला तुमच्या वडलांना भेटून आलो. फार काळजी करतात तुमची."

तेव्हापासून उल्का दाराकडे तोंड करून झोपते.

जिन्यावर पावलं वाजतात.

दस्तगीरभाई आले, उठायला हवं. ती उठते. म्हणजे उठल्यासारखं तिला वाटतं, पण सतरंजीवरून हललेलं काहीच नाही. दाराची कडी लागलेली आहे. ती कडी तिला स्पष्ट दिसते, तिच्यावरचा गंजाचा डागही दिसतो. आणि सतरंजीच्या पायथ्याशी, गुडघे पोटाशी घेऊन, रहिमतबी बसलेली आहे. पदर कानामागे खोवलेला. गालात सुपारीचं खांड धरावं तसा एक गाल फुगलेला.

"झोपलीस व्हय गं?"

"नाही खाला. पडले होते जरा."

"झोप की. मी काय उठवाया आले न्हाई."

बोलताना तिचा आवाज जाडसर येतो, तोंडात काहीतरी असल्यासारखा. उल्काला आठवतं, ती बोरसुंडीला गेली होती. बायकांच्या घोळक्यात बसली होती. पांढऱ्या कफनातला हा चेहरा तिनं बघितला होता, खोलीभर कापराचा वास होता. आठवतं, पण त्याचा अर्थ लगेच लागत नाही. भीती आधी पायांच्या बोटांत येते. मग पोटऱ्यांत.

"खाला, तुम्ही तर..."

"मेले की. म्हणून तर जिना चढता आला. गुडघा एक दुखला न्हाई."

ती हसते. हसताना ओठ मिटलेलेच ठेवते.

उल्काची नजर टेबलाकडे जाते. टेप तिथं आहे. हिला ती परत हवी आहे, असं तिला एकदम वाटतं, आणि वाटल्याबरोबर ते खरंच असल्यासारखं होतं. माणसं परत मागतात. जिवंतपणीही मागतात. बोलून झाल्यावर दुसऱ्या दिवशी निरोप पाठवतात, ते पुसून टाका म्हणून. उल्कानं प्रत्येक वेळी पुसलं आहे.

"टेप न्यायला आलात?"

"पाणी दे आधी."

माठ आतल्या खोलीत आहे. उल्का आत जाते, आणि आत एसटीचा फाटा आहे. बोरसुंडीचा. ऊन इतकं आहे की सावल्याच नाहीत. पाटीवर गावांची नावं असायची, तिथं कुणीतरी चुना फासून ठेवलाय. चुना ओला आहे, त्याचे ओघळ खाली येतायत. हातात पेला आहे आणि त्यात पाणी आहे, ते तिनं कुठून भरलं हे तिला आठवत नाही.

एसटी उभी आहे. इंजिन चालू, ड्रायव्हरच्या जागेवर कुणी नाही. सगळ्या बाकांवर पुरुष बसलेले. पाठमोरे. माना पांढऱ्या पडलेल्या, केस पांढरे, म्हातारपणाचे नव्हेत, धूळ बसल्यासारखे. कुणी खोकत नाही. कुणी बिडी ओढत नाही. पन्नास माणसांच्या एसटीत असतो तसला कसलाच आवाज नाही.

"त्यांच्याकडं बघू नको," रहिमतबी मागून म्हणते. "त्यांनला लाज वाटती. अंगावर कापडं न्हाईत."

"कोण आहेत ते?"

"तूच तर नावं लिवलीस त्यांची."

उल्का मान खाली घालते. पेल्यातल्या पाण्यावर काहीतरी पांढरं तरंगतंय. कापूस. अजून एक पुंजका येऊन बसतो, अजून एक. वर बघते तर कापूस उडतोय, सगळीकडे, आणि फाटा राहिलेला नाही. त्या दोघी जिनिंगमध्ये आहेत. पत्रे आहेत, जुने पट्टे आहेत, वरून कापूस झरतोय आणि कोपऱ्यात खड्ड्यात चुना भिजत घातलाय. तो उकळतोय. बुडबुडे फुटताना तोंडानं काही बोलावं तसा आवाज येतो. उल्काला त्या खड्ड्याच्या जवळ जायचं नाही. पाय मात्र त्या दिशेनं चाललेत.

"खाला, मला तिकडं नेऊ नका."

"मी कुठं नेते? तूच चाललीस."

"मला भीती वाटते."

"वाटणारच." म्हातारी तिचा दंड धरते. तिची बोटं थंड नाहीत, हेच जास्त भयंकर आहे. ती गरम आहेत, भाकरी थापून उठलेल्या बाईच्या बोटांसारखी. "मला न्हाई वाटली व्हय? चल. यायलेत ते."

बाहेर पावलं आहेत. पुष्कळ. चपलांची, अनवाणी, एक काठीचा ठोका. माणसं घाईत नाहीत. बाजार उरकून घरी चाललेल्या माणसांसारखी आपापसांत बोलत येतायत, आणि त्यांत कुणीतरी कुणाला तरी तंबाखू मागतं.

पायाशी दगडाची शिळा आहे, बाजूला सरकवलेली. खाली काळं तोंड. हे काय आहे ते उल्काला माहीत आहे. टेपवर आहे ते. पेव. जमिनीत खोल खणलेलं, वरून तोंड जेमतेम माणूस उतरेल एवढं आणि आत रांजणासारखं मोठं पोट. त्यात वर्षावर्षाची ज्वारी साठवून ठेवायचे. काशीबाई नावाच्या शेजारणीनं रहिमतबीला तिच्या पेवात उतरवलं आणि वर शिळा ओढली, म्हणून ती वाचली. तेव्हा तिला दिवस गेले होते. पोटात दस्तगीर.

"उतर."

"आतली हवा वाईट असते, खाला. माणूस गुदमरतं."

"वरची बरी हाय व्हय?"

त्या उतरतात. ज्वारी गुडघ्यापर्यंत येते, मग मांड्यांपर्यंत. ज्वारी गरम आहे. आंबूस, कुबट वास नाकातून थेट डोक्यात जातो. वर एक हात दिसतो, हिरव्या बांगड्यांचा, मनगटावर गोंदलेलं. काशीबाईचा हात. तो शिळेची कड धरतो आणि शिळा घासत घासत येते. उजेडाची चकती बारीक होत जाते, कोरीएवढी होते, आणि मग काहीच राहत नाही.

अंधारात उल्काला स्वतःचा श्वास ऐकू येतो. दुसरा श्वास ऐकू येत नाही. तिच्या दंडाला धरून बसलेली बाई श्वास घेत नाहीये.

"खाला?"

"हाय की. बोलू नको."

वर पावलं थांबतात. बरोबर डोक्यावर. एक आवाज येतो, तरणा, नुकता फुटलेला. उल्कानं आबाला कधी तरुण बघितलेलं नाही, पण तो आवाज तिला कळतो. त्याच्या नातवाचाही असाच आहे. चढत नाही.

"बायकोला हाक मार," तो कुणाला तरी सांगतो. "इथंच कुठंतरी आहे ती. तू हाक मारलीस की येईल. मग दोघं जावा कुठं जायचं तिथं."

 मग मारल्याचा आवाज, सुपात काही आपटावं तसा. आणि मग एक माणूस हाक मारतो. आवाज फाटलेला आहे, पण मोठा आहे, साऱ्या गावाला जाईल असा.

"जैतून! ए जैतून! बाहेर ये!"

 टेपवर नेमकी इथं म्हातारी थांबली होती. नवऱ्यानं, चांदसाबनं, काय हाक मारली, असं उल्कानं दोनदा विचारलं होतं. टेपवर नुसता घोट गिळल्याचा आवाज आहे, आणि बाहेर शेरडू ओरडतंय.

"जैतून कोण?" ती कुजबुजते.

"त्याची आई." अंधारातला आवाज तिच्या कानाला लागून येतो. "माझं लगीन व्हायच्या आधीच मेली. म्या तिला बघितलं बी न्हाई."

"मग त्यांनी..."

"त्यांनी बायकोला बोलवाया सांगितलं. त्यानं मेलेल्या आईला बोलवलं. मला कळलं. बाहेर येऊ नको, असं सांगतोय मला. ती माणसं लांबलांबच्या गावची, त्यांनला काय ठावं कोण रहिमत आन् कोण जैतून. आबाला ठावं होतं."

"आबा बोलला नाही?"

"न्हाई बोलला. गप्पच ऱ्हायला. ते बी टेपवर घाल. आवाज त्याचाच होता, आन् गप्प बी त्योच ऱ्हायला. दोन्ही खरं हाय."

वर पुन्हा हाक येते. जैतून. पुन्हा. दर वेळी थोडी लांबून. जिनिंगच्या दिशेनं. मग चुना उकळल्याचा आवाज येतो आणि हाक येत नाही.

उल्काच्या डोळ्यांतून पाणी येतंय, पण रडण्याचं नाही, त्या वासाचं. तिला म्हातारीचा हात धरायचा आहे आणि तो हात धरायची भीतीही वाटते आहे.

"मरताना बी त्यानं माझं नाव तोंडातनं काढलं न्हाई," रहिमतबी म्हणते. "मग म्या बी न्हाई काढलं. शाळेत लेकराचं नाव घालाया गेले, मास्तरनं विचारलं, आईचं नाव? माझी जीभ उचलंना. शेजारच्या बाईनं सांगितलं. तू विचारलंस, तवा बी तसंच झालं."

"म्हणून जैतून."

"त्या नावानं जीव वाचला. ते चांगलं नाव हाय. पर आता पुरं."

वर कुणीतरी परत आलंय. शिळेवर टाच घासते. तोच न चढणारा आवाज म्हणतो, "आता हिच्या बापाला आणा."

उल्का दगड होते.

आणि मग वडिलांचा आवाज. तिच्या वडिलांचा. तिला शाळेतून घ्यायला यायचे तेव्हा गेटापाशी उभं राहून मारायचे तशी हाक. "उल्के. ए बाळ. बाहेर ये. पुरे झालं आता."

त्यांना मारलंय का? त्यांच्याकडून वदवून घेतायत का? की त्यांना खरंच वाटतंय तिनं बाहेर यावं? आवाजावरून कळत नाही. तिनं चार वर्षं माणसांचे आवाज ऐकण्याचंच काम केलंय, आणि तिला तिच्या बापाचा आवाज ओळखता येत नाही. त्यांनी नाव बदललेलं नाही. दुसऱ्या कुणाला बोलावलेलं नाही. तिलाच बोलावतायत.

"उल्के, आई जेवायची थांबलीय गं."

तिचं तोंड उघडतं. आले, बाबा, एवढंच ओठांवर येतं, आणि तेवढ्यात एक गरम मूठ तिच्या तोंडावर येते आणि तोंडात दाणे कोंबते. ज्वारी. कच्ची, आंबट, करकरीत.

"धर," रहिमतबी म्हणते. "दाताखाली धर. हिच्यानं वरडता येत न्हाई. म्या अशीच धरली होती."

उल्काला श्वास घेता येत नाही. दाणे जिभेखाली जातात, गालात जातात, घशाशी येतात. ती हात झाडते. हातांना चारी बाजूंनी ज्वारीच लागते, आणि ती वर चढते आहे, कमरेला, छातीला. वर बाबा हाका मारतायत आणि त्यांच्या हाका लांब जायला लागल्यात. कुठं नेतायत त्यांना? जिनिंगकडं? तिला ओरडायचं आहे. ओरडली तर शिळा उघडेल. नाही ओरडली तर हाक थांबेल.

शिळा अंगठ्याएवढी सरकते. उजेडाची एक रेघ आत येते आणि नेमकी म्हातारीच्या चेहऱ्यावर पडते.

रहिमतबी तोंड उघडते.

आत ज्वारी आहे. गच्च. दाढांच्या मागे, टाळूला, जिभेच्या जागी. काळी पडलेली, चिकटलेली, आणि काही दाण्यांना पांढरे बारीक मोड आलेले. ती बोलते तेव्हा दाणे हलतात, एकही खाली पडत नाही.

"ही तवाची हाय," ती म्हणते. "लेकरू झालं, मोठं झालं, सून आली, म्या भाकरी थापल्या, खाल्ल्या, ही तितंच. मैताला न्हाऊ घातलं तवा बी कुणी बघितलं न्हाई. घेऊन गेले संगं."

उल्का मान हलवते. नाही, नाही. तिला हे बघायचं नाही.

"बग. माझ्याकडं बग." गरम बोटं तिची हनुवटी धरतात. "आन् त्या आवाजाला भिऊ नको. तुझा बाप घरी हाय. हाका मारणारे तेच हायेत. माझ्या टायमाला बी तेच होते."

उजेडाची रेघ रुंद होते. कुणीतरी वर शिळा ढकलतंय. ठक. ठक. काशीबाईचा हात नाही हा, पुरुषाचा आहे, काळ्या नखांचा. ज्वारी गळ्यापर्यंत आली आहे.

"म्या न्हाई थुकली," रहिमतबी म्हणते. तिचा चेहरा आता नुसता उजेडच झालाय, फक्त तोंड दिसतं. "तू थुक. थुक लवकर. आन् माझं नाव घे."

ठक. ठक. ठक.

"ताई? ओ ताई! मी दस्तगीर."

पंखा फिरतोय. वीज कधी आली कळलं नाही. उल्का सतरंजीवर उठून बसलेली आहे, पाठ भिंतीला टेकलेली, दोन्ही हात गळ्याशी. खिडकीतलं ऊन पिवळं होऊन जमिनीवरून भिंतीवर चढलंय. खाली चष्मेवाल्याचं शटर वर जातं. रस्त्यावर कुणीतरी कलिंगडं ओरडून विकतंय.

"ताई, हायेत का आत?"

आले, असं तिला म्हणायचं आहे. म्हणता येत नाही. जिभेखाली काहीतरी आहे.

ती तळहातावर थुंकते.

ज्वारीचा एक दाणा. बाजारात मिळतो तसा पांढराशुभ्र नाही. पिवळसर काळा, जुना. तिनं दुपारी खानावळीत वरणभात खाल्ला होता. या खोल्यांत धान्याचा कण नसतो, डबे नसतात, चूल नाही. ती दाण्याकडे बघत राहते आणि तिचे दात एकमेकांवर वाजायला लागतात, एप्रिलच्या उन्हात.

मग ती मूठ मिटते आणि डाव्या हातानं कडी काढते.

दस्तगीर दारात उभा आहे, पन्नाशीचा, दाढी पांढरी व्हायला लागलेली. नखांत टायरचा काळा मळ. आत यायच्या आधी तो वळून जिन्यातून खाली बघतो. मग आत येतो, स्वतःच कडी लावतो, आणि खुर्ची असूनही जमिनीवर बसतो.

"किती वेळ दार वाजवायलोय. मला वाटलं, काही झालं का काय."

"झोप लागली होती."

"आबाचा नातू आला होता दुकानावर," तो म्हणतो. "काही बोलला न्हाई. बसला. तासभर नुसता बसला. आमची नात खेळत होती तितं, तिला मांडीवर घेतलं. नाव विचारलं तिचं." तो हात एकमेकांवर चोळतो. "मला भ्या वाटायलंय, ताई. खोटं कशाला बोलू."

"मलाही," उल्का म्हणते. आवाज बाहेर येतो, घोगरा, पण येतो. "दस्तगीरभाई, तुम्ही नको म्हणालात तर मी टेप लावणार नाही. आजवर कुणी नको म्हटल्यावर लावली नाही."

तो तिच्या मुठीकडे बघतो. ती मूठ इतकी आवळलेली आहे की बोटं पांढरी पडलीत.

"काय हाय?"

ती मूठ उघडते. तो दाणा दोन बोटांत उचलतो, नाकाशी नेतो, आणि त्याचा चेहरा बदलतो.

"ही पेवातली. तुम्हाला कुठं गावली? आमच्याकडची पेवं बुजवून जमाना झाला." तो पुन्हा वास घेतो. "अम्मीला ह्यो वास सोसायचा न्हाई. हुरड्याला समदं गाव शेतात बसायचं, अम्मी कधी आली न्हाई. पोरं हसायचो आम्ही तिला. का म्हणून विचारलं, तर नुसती तोंडावर पदर धरायची."

उल्काला सांगायचं आहे. कसं सांगावं ते तिला सुचत नाही. स्वप्नातली साक्ष कुठल्या टेपवर जात नाही, कुठला तहसीलदार घेत नाही, आणि ती स्वतःसुद्धा उद्या तिथं यातलं अक्षर बोलणार नाही. पण हे मुलाला कळायला हवं. त्याचा बाप शेवटी काय ओरडला ते. आज सांगेन, असं ती ठरवते. ऊन उतरायच्या आत.

"नावाचं काय करू?" ती विचारते. "जैतूनच ठेवू?"

दस्तगीर दाराकडे बघतो. ओठ हलतात, आवाज होत नाही. तो घसा खाकरतो आणि पुन्हा बोलतो, या वेळी थोडा मोठ्यानं, जिन्यात कुणी असलं तरी ऐकू जावं इतका.

"रहिमतबी. रहिमतबी चांदसाब मुलाणी, राहणार बोरसुंडी. असंच म्हणा. मी पुढं बसतो उद्या, सगळ्यांच्या म्होरं."

खाली रस्त्यावर एक जीप येऊन थांबते. इंजिन चालूच राहतं. दोघांच्याही माना दाराकडे वळतात. जिन्यावर काही वाजतंय का, ते ऐकत राहतात. पंखा फिरतो. बऱ्याच वेळानं जीप निघून जाते, किंवा आवाज तेवढा लांब जातो.

दस्तगीर दाणा टेबलाच्या कडेवर ठेवतो, हलकेच, मोडेल असं वाटून. लाकडावर त्याच्याभोवती लाळेचं एक लहान वर्तुळ उमटलंय, आणि ते अजून वाळलेलं नाही.